ताईंचं नाव विचारलंत का?

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की सुट्टीत रिसॉर्टला गेल्यावर मुलांचं काय करता ते कळवा, आणि एवढी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. त्यातली पाच इथे घेतलीयेत. मी चौदा वर्षं पाळणाघर चालवलं आणि नंतर तीन सीझन गोव्यातल्या एका रिसॉर्टच्या किड्स क्लबमध्ये, म्हणजे पाहुण्यांची मुलं खेळवत सांभाळतात तिथे, काम केलं, त्यामुळे मूल सोडून जाणारी आई पण बघितलीये आणि ते मूल हातात घेणारी पण मीच होते. नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, आम्ही मे महिन्यात चार दिवस दक्षिण गोव्याला जातोय, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. रिसॉर्टचा किड्स क्लब चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलांनाच घेतो. एजंट म्हणाला, मॅडम चार सांगून टाका, कोणी बघत नाही. सासूबाई म्हणतात, पोराला परक्याकडेच ठेवायचंय तर न्यायचं कशाला? आणि मला खरं सांगायचं तर तीन वर्षांत सलग दोन तास झोप मिळालेली नाहीये. काय करू? – एक आई, डोंबिवली

उत्तर : आधी झोपेचं बोलते, कारण तुम्ही ते सगळ्यात शेवटी आणि घाबरत घाबरत लिहिलंय. झोप मागण्यात काहीही चुकीचं नाही. पण त्यासाठी वय खोटं सांगू नका.

चार हा आकडा उगाच ठेवलेला नसतो. चार वर्षांचं मूल साधारण शू लागली, पोटात दुखतंय, त्याने मला मारलं एवढं अनोळखी माणसाला सांगू शकतं, साडेतीनचं सांगेलच असं नाही, आणि नव्या जागी तर घरी बडबड करणारी मुलं पण गप्प होतात. दुसरं म्हणजे वयावर माणसांचा हिशोब ठरतो. इंग्लंडमध्ये नियमच आहे, दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक मोठं माणूस, दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक, आणि तीनच्या पुढे साधारण आठ मुलांमागे एक. आपल्याकडे २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहाच्या वीस मुलांमागे एक असं प्रमाण सांगितलंय. मला स्वतःला वीस हा आकडा खूप जास्त वाटतो, तो रोज येणाऱ्या ओळखीच्या मुलांसाठी एक वेळ ठीक, रिसॉर्टमध्ये तर मुलं दर तीन दिवसांनी बदलतात, क्लबमधल्या ताईंना धड नाव पाठ होईपर्यंत चेकआउट होतं. त्यात तुम्ही चार सांगून साडेतीनचं पाठवलंत तर ताई त्याला चारचाच धरून चालणार, म्हणजे बाथरूमला एकटा पाठवणार, आणि घसरला तर चूक तिची म्हणणार सगळे.

मग काय करायचं? बुकिंगच्या वेळीच विचारा की आई किंवा बाबा सोबत बसले तर चार वर्षांखालचं मूल चालेल का, बऱ्याच ठिकाणी चालतं. तासावर पैसे घेऊन सांभाळणाऱ्या बाईंची सोय काही ठिकाणी असते, पण ती आधी सांगावी लागते, आयत्या वेळी रिसेप्शनवर उभं राहून मिळत नाही. आणि तुमच्या पत्रात मुलाच्या बाबांचा एकदाही उल्लेख नाही, म्हणून सांगते, सकाळी नाश्ता झाला की नऊ ते अकरा बाबा आणि मुलगा किड्स क्लबमध्ये, तुम्ही खोलीत पडदे ओढून झोपा. चार दिवसांचे आठ तास होतात. हे निघायच्या आधी घरीच ठरवा, तिथे जाऊन ठरवायला गेलात तर ठरत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मला कळतं. त्यांच्या काळात सुट्टी म्हणजे गावी जाणं आणि तिथे मूल दहा हातांत फिरायचं, आजी, काकू, आत्या, शेजारची कोणी. आईला तेव्हाही थोडी विश्रांती मिळायची, फक्त ती घरातच मिळायची म्हणून त्याला वेगळं नाव नव्हतं. किड्स क्लब ही तिकडची सोय. क्लब मेड म्हणून फ्रेंच कंपनी आहे, त्यांनी १९५० मध्ये स्पेनच्या मयोर्का बेटावर तंबू ठोकून सुरुवात केली, आणि १९६७ मध्ये मुलांसाठी वेगळा मिनी क्लब काढला. घरात दहा हात राहिले नाहीत तिथे पैसे देऊन दोन हात उभे केले, मी तरी त्याकडे असंच बघते. त्यांना हे असं सांगून बघा. आणि शक्य असेल तर त्यांनाही सोबत न्या, नातवाला सांभाळायला म्हणून नाही, समुद्र बघायला म्हणून न्या.

एक राहिलं, मुलाला सोडून निघताना त्याची नजर चुकवून पळू नका. "आई झोपायला चाललीये, तुझं चित्र रंगवून झालं की येणार" असं सांगून जा, रडला तरी सांगूनच जा, आणि सांगितलेल्या वेळी या. पळून गेलेल्या आईचं मूल पुढचे चार दिवस आईचा पदर सोडत नाही, हे मी इतक्यांदा बघितलंय.

प्रश्न : आमची मुलं सहा आणि नऊ वर्षांची. मागच्या वर्षी एका थंड हवेच्या ठिकाणी रिसॉर्टला गेलो, वेबसाइटवर बॉल पिट, क्लाइंबिंग वॉल, क्राफ्ट सगळं दाखवलं होतं, प्रत्यक्षात एक खोली, एक टीव्ही आणि पूलवर टॉवेल देणारा मुलगाच किड्स क्लब पण बघत होता. या वर्षी फसायचं नाहीये. बुकिंगच्या आधी कसं ओळखायचं? – एक बाबा, नाशिक

उत्तर : फोटो बघूच नका. फोन करा, आणि रिझर्वेशनवाल्याशी नाही तर किड्स क्लबमध्ये जे कोणी असतं त्यांच्याशी बोलायचंय म्हणा. जोडून दिला आणि पलीकडून कोणी "हां सर, बोला" म्हणालं तर अर्धं काम झालं. त्यांना नाव विचारा. किती दिवस आहात इथे, हे विचारा. तुमच्यासोबत अजून कोण असतं, जेवायला गेलात की मुलांजवळ कोण थांबतं, हे विचारा. जी ताई दोन-तीन वर्षं त्याच जागी टिकलीये तिथे बॉल पिट फाटका असला तरी मुलं खूश असतात. आणि "स्टाफ असतो सर, काळजी करू नका" एवढंच उत्तर मिळालं तर समजा स्टाफ नाहीये.

मग विचारा मूल परत कोणाच्या हातात देता. चांगल्या ठिकाणी रजिस्टर असतं, कोण सोडून गेलं, खोली नंबर, मोबाईल, आणि ज्याने सोडलं किंवा ज्याचं नाव लिहिलंय त्यालाच परत. "मामा आलेत न्यायला" म्हणून कोणाच्याही हातात दिलं जात नाही. रजिस्टर नसेल तर तिथे मूल ठेवू नका, माझं यात दुसरं मत नाही. स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का हे विचारायला आपण लाजतो, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून. विचारा. चांगल्या मॅनेजरला वाईट वाटत नाही. कॅमेरा आहे हे ऐकून मात्र निश्चिंत होऊ नका, घडून गेलेलं दाखवायला कॅमेरा बरा, घडण्याआधी हात पुढे करायला माणूसच लागतं. मुलांना निघण्यापूर्वी घरीच साध्या भाषेत सांगा की बाथरूमला कोणी आत आलं, कोणी "आईला सांगू नको" म्हणालं, तर ती गोष्ट लगेच आईला सांगायची. आणि तसं काही झालंच तर हॉटेलची बदनामी, आपली बदनामी, सुट्टी खराब, असा विचार करत बसू नका. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, तातडीच्या मदतीचा ११२ पण आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा माहीत झालेल्या माणसाने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, त्यात रिसॉर्टचा मॅनेजर पण येतो.

आता तो टॉवेल देणारा मुलगा. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली. तो बिचारा काय करणार, त्याला दोन्हीकडे उभं केलंय. पण पूलवरचा माणूस फक्त पाण्याकडे बघणारा हवा, त्याच्याकडे दुसरं कुठलंच काम नको. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवत ओरडत नाही हो, तोंड पाण्याच्या पातळीला, श्वास घ्यायची धडपड, त्यात ओरडायला हवा कुठून येणार, बाजूला उभ्या माणसाला वाटतं खेळतोय. आणि हे मिनिटभरात होतं. किड्स क्लबवाले मुलांना पूलवर नेणार असतील तर तुम्हाला आधी विचारलं पाहिजे, आणि तुम्ही "आम्ही असतानाच" असं सांगा. दंडाला लावायचे हवेचे फुगे मिळतात ना, ते खेळणं आहे, निसटतात, हवा जाते. तुमचा सहा वर्षांचा नीट पोहत नसेल तर तुम्ही स्वतः पाण्यात, हात लांब केला की त्याला लागेल एवढ्या अंतरावर, मोबाईल खोलीत. नऊ वर्षांच्याला लहान भावंडावर लक्ष ठेवायला सांगू नका, ते त्याचं काम नाही.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. मुलगी सात वर्षांची, तिला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. ऑगस्टमध्ये पुण्याला येतोय आणि सगळं कुटुंब मिळून लोणावळ्याच्या रिसॉर्टला दोन दिवस जाणार आहे. तिथल्या किड्स क्लबमध्ये कुकिंग पण असतं. तिची चुलत भावंडं जाणार म्हणून तिलाही जायचंय. पाठवू का? – एक आई, लेस्टर

उत्तर : पाठवा, पण तयारी तुमची हवी, कारण इकडे बहुतेकांना अ‍ॅलर्जी म्हणजे अंगावर पुरळ येणं एवढंच वाटतं. आणि तुम्ही नेमक्या लोणावळ्याला येताय, म्हणजे चिक्कीच्या गावात. मुलांचं कुकिंग म्हणजे चिक्की वळायची असंही असू शकतं, ते आधी विचारून घ्या, आणि तसं असेल तर त्या दिवशी त्या खोलीत ती नको.

"नट्स चालत नाहीत" असं इंग्रजीत सांगून भागणार नाही. नट्स म्हटलं की लोक काजू-बदाम काढतात आणि शेंगदाण्याचं कूट तसंच राहतं. आपल्या जेवणात ते कुठे नाही सांगा, काकडीच्या कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, भरल्या वांग्यात, ठेच्यात, कांदेपोह्यात, चिवड्यात, आणि वर घरोघरी शेंगदाणा तेल. ऑगस्टमध्ये श्रावण पण येतो, म्हणजे उपासाचं खाणं, म्हणजे कूटच कूट. एक कागद मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात लिहून लॅमिनेट करून आणा : शेंगदाणा, शेंगदाण्याचं कूट, शेंगदाणा तेल, चिक्की, शेंगदाण्याची चटणी, यातलं थोडंसुद्धा पोटात गेलं तर जीवाला धोका आहे, त्याच चमच्याने ढवळलेलंही नको. तो किचनच्या शेफला एक आणि किड्स क्लबच्या ताईंना एक, रिसेप्शनला देऊन सोडून देऊ नका, स्वतः जाऊन हातात द्या, ताईंचं नाव विचारा, मुलीची ओळख करून द्या.

अ‍ॅड्रेनालिनची पेनं, म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जीत मांडीत टोचायची तयार इंजेक्शनं, दोन आणा, विमानात हँडबॅगेत, डॉक्टरांच्या पत्रासकट. ती इथल्या मेडिकलमध्ये सहज मिळतील असं धरून चालू नका. ट्रेनर पेन, म्हणजे सरावासाठीचं बिनसुईचं पेन, असेल तर आणा आणि ताईंकडून एकदा मांडीच्या बाहेरच्या बाजूला लावून बघायची प्रॅक्टिस करून घ्या. घसा आवळतोय, श्वास लागतोय, मूल एकदम गळून गेलंय असं दिसलं तर आधी पेन, मग अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८ ला फोन, मग तुम्हाला. आडवं ठेवायचं, पाय वर, श्वास लागत असेल तर टेकून बसवायचं पण उठून चालवायचं नाही, पाच मिनिटांत फरक नाही तर दुसरं पेन. हा क्रम त्याच कागदावर मागच्या बाजूला लिहा. लोणावळ्यात पावसाळ्यात वीकेंडला ट्रॅफिक कसा असतो ते पुण्यातल्या मंडळींना विचारा, म्हणून जायचंच तर सोमवार ते बुधवार जा, आणि जवळचं चांगलं हॉस्पिटल कुठलं ते पोचल्यावर पहिल्या तासात विचारून ठेवा.

आणि कुटुंबातल्या मोठ्यांनाही हा कागद द्या. "थोडंसं खाल्लं तर काय होतंय" हे प्रेमाने म्हणणारी आत्याच मला ताईपेक्षा जास्त धोक्याची वाटते.

प्रश्न : सगळं कुटुंब रिसॉर्टला गेलो, नातवंडं दिवसभर किड्स क्लबमध्ये, मुलगा-सून स्पामध्ये, मी आणि ही बाल्कनीत. दोन दिवसांत नातवंडांशी अर्धा तास बोललो असेन. आम्हाला लगोरी, विटीदांडू येतं, कोणाला नको आहे. – एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलाला हे पत्र दाखवा, खरंच दाखवा, तोंडाने सांगणार नाही तुम्ही.

आणि नको आहे असं नाही. आमच्या क्लबमध्ये एकदा पाहुण्यांपैकी एक आजी आल्या, खाली बसल्या आणि सागरगोटे खेळायला लागल्या, नऊ मुलं टीव्ही सोडून भोवती. पुढच्या वेळी जाल तेव्हा तिथल्या ताईंना सकाळीच सांगा की पाच वाजता मी लगोरी लावतो, सात चपट्या दगडांची आणि एका बॉलची सोय करा. ती नाही म्हणणार नाही, उलट तिचा एक तास सुटतो. विटीदांडू मात्र रिसॉर्टमध्ये नको, विटी उडून कोणाच्या डोळ्याला लागेल. लंगडी, विषामृत, डबा ऐसपैस घ्या.

किंवा पुढच्या वर्षी रिसॉर्टऐवजी कृषी पर्यटन केंद्र बघा, बारामती, जुन्नर भागात आहेत, आता सगळीकडे होतायत, राज्य सरकारने २०२० मध्ये त्यासाठी धोरणही केलंय. तिथे नातवाला विहीर, गोठा, चिंचेचं झाड दाखवायला तुम्हीच लागाल. फक्त विहिरीला कठडा आहे का ते आधी विचारा.

प्रश्न : ताई, मी एका रिसॉर्टच्या किड्स क्लबमध्ये आहे, पाच वर्षं झाली. सीझनला आम्ही दोघी आणि मुलं चौदा-पंधरा, कधी अठरा. तापाचं औषध पाजून मूल आणून सोडतात, दोन तासांनी ताप परत चढतो आणि फोन लागत नाही. सातला बंद होतं, आठला येतात, वर म्हणतात आम्ही पैसे भरलेत. माझी मुलगी पाच वर्षांची, ती घरी आजीजवळ असते. रात्री गेले की विचारते, आज तुझ्याकडे कोण कोण आलेलं, काय काय खेळलात? मी सगळं सांगते आणि ती ऐकत झोपते. आम्हाला कोणी काही विचारत नाही म्हणून लिहिलं. – किड्स क्लबमधली एक ताई

उत्तर : तुमचं पत्र शेवटी ठेवलं, कारण वरची चारही उत्तरं शेवटी तुमच्याजवळच येऊन थांबतात.

आधी तुमच्या मुलीचं. तुमच्या रिसॉर्टला पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये ही दुरुस्ती झाली, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच तरतूद आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन येता येतं असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हाउसकीपिंग, किचन, फ्रंट ऑफिस, गार्डन, सगळीकडे लहान मुलं असलेल्या किती बायका आहेत ते मोजा. एकटीने जाऊन बोलू नका, चार-पाच जणी मिळून लेखी अर्ज द्या, तारीख टाका, एक कॉपी सही-शिक्क्यासह स्वतःकडे ठेवा. उत्तर नाही आलं तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात तोच कागद घेऊन जा. पाहुण्यांच्या मुलांसाठी खोली, खेळणी, दोन ताया सगळं आहे आणि त्याच आवारात काम करणाऱ्या बाईचं मूल दूर घरी, हे मला तिथे असताना रोज टोचायचं, तेव्हा मला हा कायदा माहीत नव्हता आणि मी काही बोलले नाही, त्याचं वाईट वाटतं.

तापाच्या मुलाचं सांगते. दारातच हात लावून बघा, थर्मामीटर मॅनेजरकडून मागून घ्या, आणि "ताप, उलटी, जुलाब, डोळे आलेले मूल घेता येणार नाही" ही पाटी तुमच्या नावाने नको, रिसॉर्टच्या नावाने मॅनेजरच्या सहीने लावून घ्या, म्हणजे पाहुणे तुमच्याशी भांडणार नाहीत. औषध तुम्ही पाजू नका, आईने लिहून दिलं तरी नको. उशिराचं पण तसंच, सातनंतर प्रत्येक तासाचा चार्ज लावा म्हणावं आणि तो तुम्हा दोघींना ओव्हरटाइम म्हणून मिळू दे. मुलं अठरा झाली तर एकोणिसावं घ्यायचं नाही, नाही, खरं तर बारा झाली की तेरावंही घेऊ नका, आणि तसं लेखी मागा, कारण काही झालं की पहिलं नाव तुमचं येणार.

आणि हे वाचणाऱ्या आईबाबांनो, ताई सांगते म्हणून करा. निघताना फोन सायलेंटवरून काढा. मूल काय खात नाही, कशाला घाबरतं, शू लागली की कुठला शब्द वापरतं, हे तिला एका मिनिटात सांगा. सातला म्हणजे सातला, कारण तिची बस पण असते. चेकआउटच्या वेळी फीडबॅक फॉर्मवर "किड्स क्लब छान" असं लिहू नका, तिचं नाव लिहा, पगारवाढीच्या वेळी तेच कागद बघतात.

ताई, अर्जाचं काय झालं ते मला कळवा. मसुदा हवा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर तसं लिहा, मी लिहून पाठवते. आणि तुमच्या मुलीला जे सांगता रोज रात्री, कोण आलं, काय खेळलात, ते जमलं तर वहीत लिहून ठेवा.